सोळा नंबरची डबी

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून हे कागदावरच बरं. आमच्या क्षयरोग तपासणी पथकाकडे यंदा वृद्धाश्रमांचं काम आलंय आणि यादीत तुमचाही आश्रम आहे. तिथे माझी सख्खी आत्या राहते, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं मी साहेबांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, माणसं चार आणि आश्रम अकरा. आत्या असली तर उलट चहा तरी मिळेल.

म्हाताऱ्या माणसांचा टीबी लबाड असतो. ताप येईलच असं नाही, खोकलाही कधी असतो, कधी नसतो. नुसतं वजन उतरतं, जेवण जात नाही, आणि आजूबाजूचे म्हणतात वय झालं. म्हणून आम्ही नुसत्या खोकणाऱ्यांची नाही, सगळ्यांचीच थुंकी तपासणार आहोत. थुंकी म्हणजे तोंडातली लाळ नव्हे, सकाळी उठल्याउठल्या छातीतून निघालेला बेडका. आम्ही दहाला पोचेपर्यंत मंडळींनी तो चहाबरोबर गिळलेला असतो. त्यावर मी एक पद्धत बसवली आहे. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला खाटेच्या नंबराची डबी द्यायची. डबीवर नाव नाही, कुजबुज नको म्हणून. आणि मजल्यावरच्या एका भरवशाच्या माणसाने सकाळी उघड्या गॅलरीत एकेकाला उभं करून, डोळ्यांदेखत डबी भरवून घ्यायची.

तिसऱ्या मजल्यावर ते माणूस तू. रजिस्टरात ‘समक्ष घेतले’ असा रकाना आहे, तिथे मी तुझ्या शब्दावर सही करीन. छापखान्याची प्रुफं पुढ्यात टाकून तू मला चौथीपर्यंत घरी शिकवलंस. तुझ्या नजरेतून वेलांटी सुटत नाही, तिथे डबी काय सुटणार? नको असेल तर मात्र मोकळेपणी नाही म्हण.

ता. क. वर ‘सगळ्यांचीच’ लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. जो नको म्हणेल त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही.

तू रागावलीस तरी तुझीच,
मुंगी

९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दाण्याएवढी बातमी आणि तिच्याभोवती वारुळाएवढी काळजी. पत्र वाचूनच मला धाप लागली. काम करीन. छापखाना सुटल्यापासून कुणाच्या चुका काढायला मिळाल्या नाहीत.

माझ्या शेजारच्या सोळा नंबरच्या खाटेवर हॅलोबाई असतात हे तुला माहीत आहेच. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, अजून कुणी दार वाजवलं तरी हॅलो म्हणतात. त्यांना महिनाभर असा खोकला आहे की खालच्या मजल्यावरचे काठीने छत ठोकतात. त्या वरून पाय आपटून उत्तर देतात. टीबी निघाला तर त्यांचाच निघणार हे सांगायला प्रयोगशाळा नको.

म्हणून विचारते. ज्याच्यात निघेल त्याची खाट राहते का? खालचे मास्तर ताप आला म्हणून इस्पितळात गेले, तर चौथ्या दिवशी त्यांच्या खाटेवर नवे गृहस्थ पाय पसरून झोपले होते. मास्तर बरे होऊन आले ते बॅग हातात घेऊन व्हरांड्यात बसून राहिले. शेवटी पुतण्या येऊन घेऊन गेला. हॅलोबाईंना पुतण्याही नाही. कागदावर काय लिहिलंय ते सांगू नकोस, खरं काय होतं ते सांग.

मी ठीक. सगळी पोलकी एकदम सैल झालीत. हॅलोबाईंच्या मते शिवणारणीने कापड जास्त घातलं. इतकी उदार शिवणारीण मी तरी पाहिलेली नाही.

जेवत जा, आणि पत्रं लहान लिही.
आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खाटेचं मी व्यवस्थापकांना विचारलं. नियमात खाट राखायची असं आहे. राखाल का विचारलं तर ते म्हणाले, बघू. आता ‘बघू’ म्हणजे हो नव्हे, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. मी साहेबांकडून पत्र मिळवायच्या मागे आहे, पण ते तपासणीच्या आधी मिळेल असं वाटत नाही.

तुझ्यापुरती मला भीती नाही. देव न करो, पण तुझं काही निघालं तर मी तुला सरळ माझ्या खोलीवर आणीन. त्यांना आणणारं कुणी नाही, हे मात्र खरं. डब्या पंधराला संध्याकाळी येतील. झाकण घट्ट लागल्याचा आवाज येईपर्यंत फिरव.

आशीर्वादाची वाट बघणारी,
मुंगी

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मजल्याच्या बावीस डब्या इतक्या नीट आल्या की प्रयोगशाळेतल्या बाईंनी तुझं नाव विचारलं.

सोळा नंबरच्या डबीत जंतू निघाले आहेत. तू म्हणालीस तसंच. हे तुला आजच कळावं म्हणून पत्र शिपायाबरोबर पाठवते. उद्या गाडी येईल, मी बरोबर असेन. आधी इस्पितळात, मग सहा महिने गोळ्या. बऱ्या होतील, हे मी धीर द्यायला म्हणून लिहीत नाही. हा आजार बरा होतो. खाटेसाठी भांडते आहे.

सतरा नंबर, म्हणजे तू, स्वच्छ. तो कागद वाचला आणि मी टेबलावर डोकं टेकून रडले. सोळाचा कागद त्याच्याच वर होता आणि तो मी आधी वाचला होता, तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ही गोष्ट मला लागून राहिली आहे, म्हणून तुला सांगते.

तुझी,
मुंगी

२७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

हॅलोबाईंची गादी उन्हात टाकली आहे. खाट उघडी दिसते. गाडीत चढताना त्या म्हणाल्या की मी त्यांना काही होणार नाही असं छातीठोक सांगितलं होतं. सांगितलं होतं खरं.

मी हल्ली जेवण खोलीत मागवते, एकटीच बसते. खिडक्या उघड्या ठेवते. दुपारी पत्त्यांनाही जात नाही. लोकांना वाटतं मैत्रीण गेली म्हणून.

प्रयोगशाळेची चूक होते का गं? आणि मेट्रन विचारत होती, खोकला नसलेल्या माणसापासून दुसऱ्याला होतो का? तिला काय सांगू ते लिही.

आत्या

८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मेट्रनला सांग की खोकला नसला तरी बेडक्यात जंतू असतील तर धोका असतो, पण खोकणाऱ्याएवढा नाही.

इकडे माझ्या पायाखालची जमीन सरकली आहे. इस्पितळातलं एक्स-रेचं मशीन बंद होतं, ते परवा सुरू झालं. हॅलोबाईंची छाती स्वच्छ निघाली. त्यांचा खोकला जुन्या दम्याचा आहे. वर त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. गोळ्या यकृताला बाधल्या. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि मला बोलावून शांतपणे विचारलं की डब्यांची अदलाबदल कुठे झाली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अदलाबदल झाली असेल तर खरा रोगी अजून बाहेर आहे आणि त्याला औषध नाही. आणि एक बाई कारण नसताना विषासारख्या गोळ्या गिळत होती. लेबलं मी चिकटवली होती. दोनदा ताळा केला होता असं मला आठवतं, पण आता मला माझंच आठवणं खरं वाटत नाही. पेटी, रजिस्टर, गाडी, सगळं तपासून झालं. आत्या, त्या सकाळी गॅलरीत काही वेगळं घडलं होतं का? कुणाचा धक्का लागला, झाकण बदललं, काहीही. तू आठवून सांगितलंस की मी ते खरं धरून चालेन.

तुझी,
मुंगी

११ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

गॅलरीत सगळं शिस्तीत झालं. मी शेवटपर्यंत हजर होते.

तुझंच एकदा नीट बघ. लहानपणीही तू घाईत दोन ओळी एकदम वाचायचीस आणि मग वाचल्याच नाहीत असं शपथेवर सांगायचीस. लेबलं संध्याकाळी लावलीस ना? दिवसभर दमलेली असशील. माणूस आहेस, चूक होते. साहेबांपुढे कबूल केलीस तर फार काही करणार नाहीत. हॅलोबाईंच्या गोळ्या थांबल्या हे बरं झालं. आता झालं गेलं विसर.

तुझं हित चिंतणारी,
आत्या

१५ मार्च, इस्पितळ

चि. मुंगी हिस,
हॅलोबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आत्याला मी दोन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. एक्स्चेंजमध्ये आम्ही म्हणायचो, घंटी जातेय पण माणूस उचलत नाही. खाटेला खाट लावून सहा वर्षं काढली आणि मी पिवळी पडल्याबरोबर ओळख पुसली की काय? तिला म्हणावं, पिवळेपणा पत्रातून लागत नाही.

तू काल आलीस आणि माझ्या पायाशी बसून लेबलं चुकल्याची माफी मागत राहिलीस. पोरी, इतकं रडण्यासारखं मला काही दिसत नाही. तुझ्या समाधानासाठी त्या सकाळचं जेवढं आठवतं तेवढं लिहिते. दातही घातले नव्हते. तुझ्या आत्याने मला सगळ्यांच्या आधी उठवून गॅलरीत नेलं, डबी हातात दिली, मी खोकले, तिने झाकण लावलं. डबीचा नंबर सतरा होता. मी म्हटलंही, माझी खाट सोळा. तर ती म्हणाली, सरकारी नंबर वेगळे असतात. असतील बाई. पण सतराच होता. चष्मा नसला तरी आकडा मला दिसतो, आणि सतरा ही आमची आगीच्या बंबाची लाइन, ती मी मेल्यावरही विसरणार नाही.

इथली नर्स प्रेमळ आहे पण सुई टोचताना गाणं म्हणते. माझी खाट आहे की गेली, तेवढं कळव.

तुझ्या येण्याची वाट बघणारी,
हॅलोबाई

१६ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार.

समोर यायला हवं होतं. पण तुझ्यासमोर उभी राहिले की मी आठ वर्षांची होते आणि तू म्हणशील ते मला पटतं. म्हणून लिहिते.

हॅलोबाईंचं पत्र आलं. त्या सतरा नंबरच्या डबीत खोकल्या होत्या. म्हणजे तुझ्या. मग सोळा नंबरच्या डबीत कोण खोकलं, हे मला कुणी सांगायला नको. त्यांचा बेडका तू आपला म्हणून दिलास आणि आपला त्यांचा म्हणून. त्यांच्यात रोग निघणार अशी तुझी खात्री होती. तो तुझ्या नावावर यावा आणि त्यांची खाट वाचावी म्हणून. खाट जाऊ शकते आणि तुला मी आहे, हे दोन्ही मीच तुला लिहिलं होतं.

पण त्यांना दमा होता, आणि रोग तुला आहे.

तू त्या डब्या बदलल्यास, हे मी कधीतरी समजून घेईन. पण वीस तारखेला माझं पत्र वाचलंस त्या क्षणी तुला सगळं कळलं असणार. छापखान्यात एका ओळीवरून तू अख्ख्या पानाची चूक ओळखायचीस. तरी हॅलोबाईंना गाडीत चढू दिलंस. जेवण खोलीत मागवलंस, खिडक्या उघडल्यास, मेट्रनच्या नावाने मला प्रश्न विचारलास. आणि मी पाय धरून विचारलं तेव्हा उत्तर दिलंस की मी घाईत दोन ओळी एकदम वाचते. मी चार दिवस तेच खरं धरलं, आत्या. चूक कबूल करणारा अर्ज लिहून माझ्या पिशवीत आहे. कुंपणानेच शेत खाल्लं हे आजवर मी नुसतं वाचलं होतं.

चूक माझीही आहे, फक्त वेगळी. बावीस वेळा ‘समक्ष घेतले’ लिहिलं आणि एकदाही समक्ष नव्हते. तसा नवा अर्ज आज साहेबांना दिला. त्यात तुझं नाव आहे. ते गाळावं असं मला वाटलं, हेही खरं.

हे पत्र घेऊन येणाऱ्या गाडीतच बस. कपडे मेट्रन भरून देईल. तोंडाला मास्क लाव.

मुंगी

२० मार्च, इस्पितळ

चि. मुंगीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तो दिला असं तू धर.

काल सकाळी इथल्या नर्सने स्वतः समोर उभं राहून माझी डबी भरवून घेतली. निकाल तुला कळला असेलच. गोळ्या सुरू झाल्या. हॅलोबाई आहेत दुसऱ्या टोकाच्या वॉर्डात. तरी त्यांचा खोकला इथवर ऐकू येतो आणि मी उशी कानावर घेते.

करायला गेले एक आणि झालं भलतंच, एवढंच म्हणते. मी त्यांच्यासाठी केलं. पुढे सगळं इतकं पटापट घडलं की माझी मती गुंग झाली, काय झालंय ते मला नीट उमगलंच नाही. या वयात भीती पायांत शिरते गं. मास्तर व्हरांड्यात बॅग घेऊन बसलेले डोळ्यांसमोरून जात नव्हते. तुझ्या खोलीवर येईन, पण तुझं लग्न, तुझी बदली, किती दिवस? त्या पत्राबद्दल मात्र काय लिहू? पोराबाळांना चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला शिकवलं आणि स्वतः ती तुझ्या अंगावर टाकली. प्रुफं वाचणारीला खोटं लिहिताना आपलं अक्षर दिसतं. मला दिसत होतं, तरी मी पाकीट चिकटवलं.

हॅलोबाईंना तू सांगशील का? माझ्याने होणार नाही.

आत्या

२४ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार.

कळवायचं ते आधी कळवते. तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांची थुंकी पुन्हा घेतली, या वेळी गॅलरीत मी उभी होते. तू नसल्यामुळे एकवीस, हॅलोबाईंची तिथे इस्पितळात घेतली ती धरून. सगळ्या स्वच्छ. पण तुझ्याबरोबर एका खोलीत राहिल्यामुळे हॅलोबाईंवर दोन वर्षं लक्ष ठेवावं लागेल. मला बाहेरच्या कामावरून काढून टेबलावर बसवलं आहे. शिक्षा मला योग्य वाटते. खाटा राखण्याचं साहेबांचं पत्र अखेर निघालं आणि व्यवस्थापकांनी त्यावर सही केली. ते पत्र सोळाला लागू आहे आणि सतरालाही. मी दोन्हींसाठी मागितलं होतं, कारण नियम तुझ्यासाठीही तोच आहे.

हॅलोबाई काल आपल्या खाटेवर परत गेल्या. त्यांचे डोळे निवळत आहेत. वाटेत गाडी थांबवून मी त्यांना सगळं सांगितलं, तुझं आणि माझंही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणून त्या आधी हसल्या. मग त्यांनीच ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला सांगितलं.

आश्रमाच्या फाटकाशी त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, ती जेवते का? मी सांगितलं की तू अर्धं ताट ठेवतेस, पण गोळ्या चुकवत नाहीस.

दुसरी, तिला कधी कळलं? मी गाडीत चढत होते त्याआधी, की नंतर?

मला उत्तर माहीत आहे. तुलाही आहे, आणि तुझ्या पत्रात तेवढंच एक नाही. ते मी त्यांना दिलं नाही. सोबत कोरं कार्ड आणि तिकीट लावलेलं पाकीट पाठवते. पत्ता मी घातला आहे, अक्षर तुझं असू दे.

मी रविवारी येईन. दूध आणि धुतलेली पोलकी आणीन, घट्ट करून घेतलेली. बोलेन की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

मुंगी